प्रयोगशाळेचें दार

बोईसर स्टेशनाच्या पूर्वेस उतरून चिल्हारच्या रस्त्यानें निघालें म्हणजे बेटेगांव लागतें. या रस्त्यावर दोन निरनिराळीं युगें शेजारीं शेजारीं नांदत असल्याचा भास होतो. एका अंगास भातखाचरें, ताडाचीं झाडें आणि वारल्यांचे पाडे. दुसऱ्या अंगास कारखान्यांकडे ये-जा करणाऱ्या मालमोटारींची रीघ. पश्चिमेस समुद्र आहे आणि त्या समुद्राच्या कांठीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र. भारतांतील हें पहिलें अणुविद्युत् केंद्र. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तेथील वीज रीतसर पुरविली जाऊं लागली. अशा या मुलुखांत, बेटेगांवच्या हद्दींत, मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असें थीम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पालघरला सोनोपंत दांडेकर यांच्या नांवानें चालणारें, कला व वाणिज्याबरोबर विज्ञान शिकविणारें महाविद्यालय आहे. मोठ्या शहरांतील विद्यालयांच्या मानानें या संस्था लहान. त्यांच्या प्रयोगशाळाहि लहान.

लहान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची किंमत कशावरून करावी? सामान्यतः कपाटें मोजलीं जातात, उपकरणांची यादी पाहिली जाते, खोल्यांचें क्षेत्रफळ विचारलें जातें. हें सर्व आवश्यक आहे; परंतु तेवढ्यानें प्रयोगशाळा होत नाहीं. महाराष्ट्रांतील विज्ञानशिक्षणाचा जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास चाळला तर दोन प्रश्न पुनःपुन्हां पुढें येतात. उपकरणाला हात कोणाचा लागतो, हा पहिला. आणि त्या उपकरणाकडून उत्तर मिळवावयाचें तो प्रश्न कोणत्या मातींतून उगवलेला असतो, हा दुसरा.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. १८२७ सालीं गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वदेशीं परत गेले, त्या वेळीं त्यांचें स्मारक म्हणून मुंबईकरांनीं वर्गणी जमविली. त्या निधींतून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली आणि १८३५ सालीं ऑर्लेबार व हार्कनेस हे दोन प्राध्यापक विलायतेहून आले. ऑर्लेबार यांच्याकडे पदार्थविज्ञानाचा विषय होता. त्यापूर्वींच, १८३४ सालीं, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर तेथें सहाय्यक प्राध्यापक झालेले होते. बाळशास्त्र्यांना एक गोष्ट फार लवकर उमगली होती. इंग्रजी वर्गांत कोंडलेलें शास्त्र समाजापर्यंत पोंचत नाहीं, ही ती गोष्ट. म्हणून १८४० सालीं त्यांनीं ‘दिग्दर्शन’ हें मासिक काढलें आणि शास्त्रीय विषय मराठींत आणले. वर्गाबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठीं दार थोडें किलकिलें करण्याचा तो पहिला प्रयत्न म्हणतां येईल.

परंतु वाचलेलें शास्त्र आणि हातानें केलेलें शास्त्र यांत अंतर असतें. तें अंतर ओलांडणाऱ्या पहिल्या मराठी माणसांत केरो लक्ष्मण छत्रे यांचें नांव घ्यावें लागतें. केरूनाना मूळचे अलिबागजवळील नागांवचे. लहान वयांतच ते कुलाब्याच्या वेधशाळेंत ऑर्लेबार यांच्या हाताखालीं कामास लागले. १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मोजमाप होऊं लागलें होतें. सुईचें हलणें ठराविक वेळीं पाहावयाचें, आंकडा लिहावयाचा, पुन्हां ठराविक वेळीं पाहावयाचें. या कामांत विद्वत्तेचा डौल नाहीं; आहे तो केवळ कंटाळा न करणारा डोळा. पुढें केरूनाना पुण्यास प्राध्यापक झाले, ग्रहगणिताचीं कोष्टकें त्यांनीं मराठींत सिद्ध केलीं, आणि बाळ गंगाधर टिळकांसारखा विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेला. त्यांच्या अध्यापनाची पाळेंमुळें त्या वेधशाळेंतील शिस्तींत होतीं, असें मानण्यास जागा आहे.

त्याच वेधशाळेची पुढची हकीकत प्रयोगशाळेच्या स्वभावाविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें ठरलें. विजेचा प्रवाह जवळून वाहूं लागला तर चुंबकीय मोजमाप बिघडणार, हें उघड होतें. वेधशाळेचे त्या वेळचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस हे त्या पदावर आलेले पहिले भारतीय. त्यांच्या देखरेखीखालीं हें काम अलिबागला हलविण्यांत आलें. तेथील इमारत लोखंड वगळून बांधली गेली. १९०४ ते १९०६ या काळांत कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेतलीं गेलीं. जुन्या आंकड्यांची नव्या आंकड्यांशीं सांगड तुटूं नये, एवढ्यासाठींच ही खटपट. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवली. त्यापूर्वींच सुई सुरक्षित जागीं जाऊन बसली होती. आंकड्याचा खरेपणा राखण्यासाठीं माणसें एवढे कष्ट घेतात, हें विद्यार्थ्याला कळलें तर निम्मी प्रयोगशाळा त्याला कळली.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. लंडनच्या नमुन्यावर उभारलेल्या या विद्यापीठाचें मुख्य काम परीक्षा घेण्याचें. शिकविणें संलग्न महाविद्यालयांकडे. परीक्षा हेंच जेथें केंद्र, तेथें पाठांतर बळावतें. रसायनाचें नांव, रंग, गुणधर्म तोंडपाठ. पण तें रसायन डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं दीर्घकाळ राहिली. आणि ही स्थिति आजहि सर्वस्वीं गेली आहे असें म्हणवत नाहीं.

याला अपवाद निर्माण करणारीं माणसें होतीं. मुंबईच्या विल्सन कॉलेजांतील रसायनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्यांपैकीं एक. १८९६ सालीं मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फांसण्यांत आलें. चापेकर बंधूंचें तें कृत्य. डाग दगडांत मुरला आणि निघेना. अखेर गज्जरांनीं आपल्या रसायनविद्येच्या बळावर तो काढला. त्या प्रसंगाचें राजकारण बाजूस ठेवलें तरी एक गोष्ट राहते. शहराच्या मध्यभागीं उभा असलेला, सर्वांना दिसणारा एक प्रश्न कॉलेजांतील एका शिक्षकानें सोडविला. पुढें गज्जरांनीं मुंबईंत टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली, आणि त्यांच्या शिष्यांच्या उद्योगांतून १९०७ सालीं बडोद्यास अ‍ॅलेंबिक कारखाना निघाला. प्रयोगशाळेंतून कारखाना निघतो, याचें तें एक उत्तम उदाहरण. बोईसर-तारापूरच्या भागांत मात्र क्रम उलटा झाला. तेथें कारखाने आधीं आले आणि प्रयोगशाळा मागाहून.

१९२० सालीं मुंबईंत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उघडली. सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम, वसनजी मुळजी अशा दात्यांच्या देणग्यांतून ही संस्था झाली. होमी भाभा १९२७ सालीं केंब्रिजला जाण्यापूर्वीं जेथें शिकले, त्या संस्थांपैकीं ही एक. मुंबई इलाख्यांतील विद्यार्थ्याला अद्ययावत् प्रयोगशाळा मिळाली. पण दार कोणासाठीं उघडतें, हा प्रश्न तरीहि सुटला नाहीं, आणि तो कमला भागवत यांच्या रूपानें पुढें आला.

कमलाबाईंचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि रसायनशास्त्रज्ञ. लोकसाहित्याच्या विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ सालीं कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिल्या आल्या आणि त्यांनीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें संशोधनासाठीं अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. गुणांत उणेपणा नव्हता. अर्जदार स्त्री होती, एवढेंच कारण. संस्थेचे संचालक साक्षात् सर चंद्रशेखर व्यंकट रामन. कमलाबाई मागें हटल्या नाहींत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला: पहिलें वर्ष कसोटीचें, आणि पुरुष विद्यार्थ्यांच्या कामांत व्यत्यय येतां कामा नये. त्या अटी अपमानास्पद होत्या, असें त्यांनीं पुढें स्पष्टपणें सांगितलें. वर्षभरानें रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर इतर मुलींनाहि तेथें प्रवेश मिळूं लागला. कमलाबाईंनीं केंब्रिजला जाऊन १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हें द्रव्य असतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

विवाहानंतर कमला सोहोनी या नांवानें त्या मुंबईच्या त्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें जीवरसायनशास्त्र शिकवूं लागल्या, आणि तेथें त्यांनीं नीरेचा अभ्यास हातीं घेतला. नीरा म्हणजे सूर्योदयापूर्वीं काढलेला ताडमाडांचा गोड रस. ऊन चढलें कीं आंबतो आणि त्याची ताडी होते. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर लहान मुलालाहि ही गोष्ट ठाऊक असते. परंतु या रसांत जीवनसत्त्वें व लोह आहेत, आणि कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना त्याचा उपयोग होऊं शकतो, हें परीक्षानळींतून सिद्ध व्हावें लागलें. ताडावर चढणाऱ्याला रसाची वेळ ठाऊक होती, रसायनशास्त्रज्ञाला त्याचे घटक. हीं दोन ज्ञानें जेथें भेटतात तेथें प्रयोगशाळेचें सार्थक होतें. या कामाबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपतिपदक मिळालें, आणि पुढें त्या इन्स्टिट्यूटच्या संचालक झाल्या. जिला एकदां दाराशीं थांबविलें होतें, तिच्याच हातीं एका मोठ्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या आल्या.

स्वातंत्र्यानंतर विज्ञान या किनाऱ्यावर आलें तें एकदम अणूच्या रूपानें. होमी भाभा यांनीं आंखलेल्या कार्यक्रमांतून तारापूरचें केंद्र झालें. तें पुरें झालेलें पाहण्यास मात्र ते राहिले नाहींत, २४ जानेवारी १९६६ रोजीं विमान-अपघातांत त्यांचा अंत झाला. पुढें २००५ व २००६ सालीं प्रत्येकीं ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या चालू झाल्या. त्यांच्यासाठीं पोफरण व अक्करपट्टी या गांवांतील लोकांना पिढीजात घरें सोडावीं लागलीं. देशांतील अत्यंत पुढारलेलें विज्ञान दाराशीं आलें. पण त्या दारांतून आंत जाण्यास जी विद्या लागते ती गांवांत कोठें होती? मासे धरणारा मांगेला, शेत कसणारा वाडवळ किंवा वारली यांच्या मुलाला त्या भिंतीपलीकडे जावयाचें तर पहारेकरी किंवा मजूर म्हणून जावें लागेल, कीं तंत्रज्ञ म्हणून जातां येईल? हा प्रश्न भाषणांनीं सुटणारा नव्हता. तो सुटला तर जवळच्या शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगाच्या टेबलावरच सुटणार होता.

ग्रामीण मुलांना प्रयोगाचें विज्ञान जमत नाहीं, असा एक समज होता. तो तपासून पाहण्याचें काम दुसऱ्या टोकास, जळगांव जिल्ह्यांत, झालें. १९७४ सालीं स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें खिरोदा परिसरांतील माध्यमिक शाळांतून एक प्रकल्प चालविला, वि. गो. कुलकर्णी हे त्याचे सूत्रधार. बाजारांत सहज मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून प्रयोग बसविले गेले, शिक्षकांना तयार करण्यांत आलें. त्यांतून एक मार्मिक गोष्ट हातीं आली. मुलांची अडचण पुष्कळदां विज्ञानाची नसून पाठ्यपुस्तकाच्या संस्कृतप्रचुर भाषेची होती. भाषा सोपी केली कीं तींच मुलें पुढें येत. बाळशास्त्र्यांनीं १८४० सालीं जें ओळखलें होतें, तें जवळजवळ एका शतकाहून अधिक काळानें शास्त्रीय कसोटी लावून पुन्हां सिद्ध झालें.

आतां बेटेगांवच्या रस्त्यावर परत यावें. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शिक्षणक्रमांत पहिल्या वर्षीं, शाखा कोणतीहि असो, पदार्थविज्ञान, रसायन आणि कर्मशाळा यांचीं प्रात्यक्षिकें असतात. त्यांतील एक अगदीं साधें प्रात्यक्षिक म्हणजे पाण्याचा जडपणा मोजणें. किनाऱ्याजवळच्या गांवांना जड पाणी ही पुस्तकांतील गोष्ट नाहीं. मचूळ विहिरीचें पाणी वापरणाऱ्या घरांत साबणाला फेंस येत नाहीं, तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, भांड्याच्या तळाशीं पांढरें पुट बसतें. कारखान्याच्या बॉयलरमध्यें हेंच पुट जमून इंधनाचा नाश करतें. कारण एकच: पाण्यांत विरघळलेलीं कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचीं क्षारद्रव्यें.

प्रयोग असा असतो. चंबूंत मोजून पाणी घ्यावयाचें, त्यांत अमोनियाचें ठराविक द्रावण आणि चिमूटभर दर्शक टाकावयाचा. पाणी द्राक्षासवासारखें तांबडें होतें. वर ब्यूरेटमध्यें ईडीटीए नांवाच्या द्रव्याचें द्रावण भरलेलें असतें. तोटी किंचित् फिरवून एकेक थेंब सोडीत, चंबू हातानें घोळीत राहावयाचें. बराच वेळ कांहींच घडत नाहीं. मग जांभळी झांक येते, आणि एका थेंबासरशीं सारें पाणी निळें होतें. तो थेंब हें उत्तर. पुढचा थेंब ही चूक. एकदां करून भागत नाहीं. लागोपाठचीं वाचनें जुळेपर्यंत पुन्हां करावें लागतें. मग गणित करून एका लिटरांत किती मिलिग्रॅम जडपणा, तें काढावयाचें. कुलाब्याच्या सुईकडे पाहणाऱ्या केरूनानांची शिस्त आणि या थेंबाची शिस्त एकाच कुळांतील आहेत.

या प्रयोगास लाखोंचीं यंत्रें लागत नाहींत. लागतात त्या गोष्टी साध्या आहेत. नळाला वेळेवर पाणी, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याचा सांठा, धुतलेली कांच, बिनचूक तराजू, ताजें द्रावण, तें तयार करणारा प्रामाणिक प्रयोगशाळा-सहाय्यक, आणि तुकडी एवढीच मोठी कीं प्रत्येकाच्या हातीं ब्यूरेट यावी. यांपैकीं एकहि गोष्ट ढळली कीं विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहींतून आंकडे उतरतो किंवा ठाऊक असलेल्या उत्तरावरून मागें मागें जाऊन वाचनें बनवितो. जर्नलवर सही होते, परीक्षाहि पार पडते. शिकावयाचें तें मात्र राहून जातें. ही केवळ आळसाची गोष्ट नाहीं. आंकडा बनविण्याची संवय लागलेला तरुण उद्यां कारखान्यांत बसून नोंदवहींत आंकडे बनवील, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागेल.

ती किंमत काय असते, हें या परिसराला सांगावयास नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण-निर्देशांक काढला, त्यांत तारापूरचा आंकडा ९३.६९, म्हणजे सर्वांत वरचा होता. त्यापूर्वीं, २०१६ सालीं, सांडपाण्यानें खाड्या व समुद्र दूषित होऊन मासेमारी बुडते आहे, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. खाडीचा बदललेला रंग आणि मेलेले मासे कोळ्याला डोळ्यांनीं दिसतात. पण न्यायासनापुढें लागतो तो आंकडा. पाण्यांतील सेंद्रिय घाण विघटित होण्यास किती प्राणवायू लागतो, आम्लता किती, क्षार किती. हे आंकडे काढण्याच्या रीति गुप्त नाहींत. त्यांचे मूळ धडे महाविद्यालयाच्या रसायनशाळेंतच गिरविले जातात.

म्हणजे जो मुलगा नवापूरच्या किंवा दांडीच्या कोळीवाड्यांतून, जी मुलगी बेटेगांवच्या आसपासच्या पाड्यावरून येऊन ब्यूरेटपुढें उभी राहते, तिच्या हातांतील तोटीला गुणपत्रिकेहून मोठा अर्थ आहे. तिला आपल्या विहिरीचें पाणी स्वतः तपासतां येईल. दुसऱ्यानें दिलेला अहवाल तिला वाचतां येईल आणि त्यांतील आंकडा विश्वासार्ह आहे कीं नाहीं तें विचारतां येईल. कारखान्यांत नोकरी लागली तर खरा आंकडा लिहिण्याची जबाबदारीहि तिच्यावरच येईल. आंकडा खरा ठेवण्याचें हें व्रत दोन्ही बाजूंना सारखेंच लागू आहे. तक्रार करणाऱ्याला आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाहि.

सोनोपंत दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य आणि वारकरी संप्रदायांतील अधिकारी पुरुष. अशा पुरुषाचें नांव मिरविणाऱ्या संस्थेंत आज विज्ञानाचे वर्ग भरतात, यांत विसंगति कांहींच नाहीं. वारकरी पंथानें ज्ञान लोकांच्या बोलींत आणि सर्वांच्या हातीं आणलें. प्रयोगशाळेचेंहि कार्य त्याहून निराळें नाहीं.

एल्फिन्स्टनच्या दालनापासून बेटेगांवच्या प्रयोगशाळेपर्यंतचें अंतर नकाशावर एका दिवसाचेंहि नाहीं. इतिहासांत मात्र तें कापण्यास पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लागलीं. या काळांत दार हळूहळू उघडत आलें. कधीं बाळशास्त्र्यांसारख्यानें तें आंतून ढकललें, कधीं कमलाबाईंसारखीनें बाहेरून. आतां तें या किनाऱ्यावर उघडें आहे. आंत टेबल आहे, टेबलावर चंबू आहे, आणि चंबूंत बहुधा याच गांवच्या विहिरीचें पाणी. थेंब मोजून सोडावयाचा आणि दिसेल तोच आंकडा लिहावयाचा, एवढेंच काम उरलें आहे. पण तें प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्याच हातानें करावयाचें आहे.